फुकटचे वकील आणि कोयत्याचा नियम

बीडच्या कोर्टाच्या आवारात, सायकल स्टँडला लागून, आमचं मोफत कायदेशीर मदतीचं ऑफिस आहे. एक टेबल आणि चार खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती! इथल्या फायली निदान कधीतरी निकाली निघतात. किस्से मात्र साचतच जातात, आणि ते ठेवायला सरकार कपाटही देत नाही.

सुरुवात सिरसाळ्याच्या एका काकांपासून करते. भावाशी बांधावरून वाद होता. मी केस नीट समजावून सांगितली, काका खूश झाले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी लई चांगल्या हायत. पर एक करा. माझ्या भावाला बी फुकटचाच वकील द्या. म्हंजी बरोबरी हुईल!"

*

एकदा वरून आदेश आला, ऊसतोड कामगारांसाठी शिबिर घ्या. कधी? जानेवारीत! आम्ही आज्ञाधारक माणसं. मांडव घातला, माईक लावला. आमचा स्वयंसेवक हनुमंता गावात दवंडी देऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, गावात कुलपंच हायत."

अख्खं गाव कारखान्यावर गेलेलं. समोर म्हातारी माणसं आणि शेरडं. तरी मी तासभर बोलले! शेवटी एक आजोबा उठले. "पोरी, लई ग्वाड बोललीस. आता हेच तिकडं उसाच्या फडात जाऊन बोल."

आजोबांचं म्हणणं आम्ही जसंच्या तसं अहवालात लिहून पाठवलं. पुढच्या वर्षी आदेश बदलला. शिबिरं दसऱ्याआधी घ्या, सगळ्या जिल्ह्यांत! आपल्या कागदाने वरचं काही हलतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि मी दिवसभर उगाचच मिरवत होते.

*

मग आली धर्मापुरीची कमल. आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला, आणि कामगाराचं ओळखपत्र निघायचं तेही जोडीचं, नवऱ्याच्या सहीने. कमलचा नवरा दुसरीबरोबर निघून गेलेला. ही भावाच्या जोडीने ऊस तोडायची.

तिची मुलगी वैष्णवी पाचवीत. दर दिवाळीनंतर आईबरोबर ट्रॅक्टरवर बसायची आणि शाळा सुटायची. ओळखपत्र मिळालं असतं तर पोरीला सरकारी वसतिगृहात जागा मिळणार होती. कमलला एवढंच हवं होतं.

ओळखपत्राच्या खिडकीवरचे साहेब म्हणाले, "नवऱ्याला घेऊन या."

कमल म्हणाली, "तुमाला घावला तर तुमीच ठिवून घ्या!"

*

आम्ही वर पत्र लिहिलं. उत्तर आलं, "नियमात तशी तरतूद नाही."

हनुमंता त्या कागदाकडे बघून ओरडला, "न्हाई म्हनून तर लिवलंय ना बे!"

*

एका कमलसाठी नियम कोण बदलणार? म्हणून नारायणगडाच्या जत्रेत आम्ही टेबल टाकलं. ज्या बायकांना नवऱ्याविना ओळखपत्र मिळत नाही, त्यांनी या आणि सांगा. बायका येतच राहिल्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणी स्वतःच सोडून आलेली. रांग पार बांगड्यांच्या दुकानापुढे गेली.

बांगडीवाला वैतागून आला. "कावून गर्दी केलीय? काय वाटायलात फुकट?"

हनुमंता म्हणाला, "वकील!"

*

त्या सगळ्यांचे जबाब मुंबईला गेले आणि चक्क मुंबईचे साहेब बीडला आले! माणूस भला होता. नियमाचा नवा मसुदा त्यांनी स्वतः वाचून दाखवला. "यापुढे नवऱ्याच्या सहीची गरज नाही. मी एकटी आहे, एवढं बाईने लिहून दिलं तरी पुरे."

आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. तेवढ्यात कमल उभी राहिली.

"सायब, हे मी न्हाई लिवायची."

इतकं जमून आलेलं, आता हिला काय झालं?

"मी एकटी कावून? पोरगी हाय की माझी! आमी दोघी हाव."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि पेन घेतलं. आज नियमात 'एकटी' हा शब्द नाही, 'कुटुंबप्रमुख महिला' आहे. कायद्याची इतकी पुस्तकं वाचलेली मी, मलाही हे सुचलं नव्हतं, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

*

कमलचं ओळखपत्र निघालं. दिवाळी झाली. ट्रॅक्टर गेले. दोनच दिवसांनी वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. त्या नव्याच होत्या, पुण्याकडून आलेल्या.

"मॅडम, तुमची ती वैष्णवी... जरा येऊन बघता का? पहिल्या रात्री सगळ्या मुली रडतात. ही हसत हसत सगळ्यांना काहीतरी भलतंच सांगत फिरतेय."

मी आणि हनुमंता धावत गेलो. वैष्णवी फाटकातच उभी होती, दोन वेण्या, नवा गणवेश. आम्हाला बघून लांबूनच ओरडली,

"मॅडम! यंदा आई मला सोडून गेली!"