नसलेल्या गंजाची जागा

माझ्या सासरी महिला मंडळाचा हिशेब जमिनीवर मांडायचे. लग्नसराई संपली, की मृग लागायच्या आधी मंडळाची सगळी भांडी मारुतीच्या पारासमोर आणायची, चुन्याच्या फक्कीनं गोल आखायचे, एकेका गोलात एकेक भांडं ठेवायचं. मग अख्ख्या गावानं भोवती फिरून पाहायचं. निम्म्या बायकांना अक्षरओळख नव्हती, पण परात जागेवर आहे की नाही हे कळायला शाळा लागत नाही. कल्हईला किती पैसे गेले आणि किती उरले, तेवढं मी उभी राहून वाचायचे, कारण मंडळात सातवी पास मी एकटीच होते.

महाराष्ट्र राज्य नुकतं कुठं झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. गाव मोताळा तालुक्यातलं, कापसाचं. लग्न निघालं की मोठी भांडी मोताळ्याहून भाड्यानं आणावी लागायची, नाहीतर मोठ्या घरांपुढे हात पसरावा लागायचा. आमच्या बायकांनी कापूस वेचणीच्या मजुरीतून थोडे थोडे मागे टाकून स्वतःची भांडी केली. भात-वरण शिजवायचे मोठे गंज, पराती, वाढायच्या बादल्या. भाडं नाही, फक्त कल्हईपुरते पैसे. गावातल्या कोणत्याही वस्तीतल्या माणसानं मागावं आणि न्यावं.

ही भांडी आमच्या पडवीत असायची आणि त्यांची राखण माझ्या सासूकडे. मी तिला आत्याबाई म्हणायचे. मी मेहकरकडची, माझं बोलणं थोडं वेगळं, म्हणून ती मला चारचौघींत ‘आमची मास्तरीण’ म्हणून चिडवायची. जिभेची तिखट, पण भांड्याला पोचा आला तर जेवण जायचं नाही तिला.

देवळाच्या पंचांना आमचं हे मंडळ कधी पचलंच नाही. बायकांच्या हाती गावची भांडी, म्हणजे गावाला मालकच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी त्यांनी पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की यंदा एक जरी भांडं कमी भरलं तरी सगळी भांडी देवळाच्या खोलीत जातील आणि किल्ली पंचांकडे राहील. देवळाच्याही सतरंज्या होत्या, कढया होत्या, गावाच्या वर्गणीतून घेतलेल्या. त्या कोणाच्या लग्नात दिसायच्या ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्यासारख्यांच्या लग्नात तर कधीच नाही, आणि त्या मोजून गावापुढे कधी मांडल्या गेल्याच नव्हत्या.

आणि नेमका त्याच वर्षी सगळ्यात मोठा गंज हरवला.

मांडणीच्या दोन दिवस आधी भांडी मोजताना कळलं. एकाच आठवड्यात गावात लग्नंच लग्नं. एका मांडवातून भांडी परस्पर दुसऱ्या मांडवात गेली, तिथून तिसऱ्या. कोणाला नाही म्हणणार? आम्ही घरोघरी विचारलं. प्रत्येक घर पुढच्या घराकडे बोट दाखवायचं आणि शेवटचं घर पुन्हा पहिल्याकडे. आत्याबाई पडवीत बसली ती उठेना.

“आता काय तोंड दाखवू लोकायले? म्हन्तीन, बुढीनं गंज इकून खाल्ला.”

मंडळातल्या बायका जमल्या. कोणी म्हणालं, मांडणी पुढं ढकला. कोणी म्हणालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मग आत्याबाईनंच तोड काढली. धामणगाव बढ्याला तिची बहीण होती, तिच्याकडे अगदी तसाच गंज होता. सकाळी बैलगाडी पाठवायची, गंज आणायचा, मांडायचा आणि दिवस मावळायच्या आत परत पाठवायचा.

“त्याच्यावर बहिनीचं नाव हाये,” एक जण म्हणाली.

“मंग नावाची बाजू भिंतीकडे करू.”

सगळ्यांना हायसं वाटलं, आणि माझं डोकं तापलं. एरवी सासूपुढे मान वर करायची माझी टाप नव्हती, पण त्या दिवशी मला राहवलं नाही.

“आत्याबाई, एकदा उसना गंज मांडला, की आपली खरी भांडीसुद्धा खोटी होतील,” मी म्हणाले. “आजवर आपण मांडलं ते सगळं लोकांनी डोळे झाकून खरं मानलं का? डोळे उघडून पाहिलं म्हणून मानलं. गंज नाही, तर नाही म्हणून दाखवू.”

“नाही ते कसं दाखवतं वं तू?”

“त्याचा गोल आखू. रिकामा ठेवू.”

एकीनं कपाळाला हात लावला. आत्याबाई माझ्याकडे असं पाहत राहिली, की मला वाटलं आता ही मला माहेरी धाडते. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. भांडी गेली असती तर घरात रोज तिच्या जिभेला तोंड द्यायचं होतं. पण मी हट्ट सोडला नाही. रात्री ती जेवली नाही आणि सकाळी गाडीही जुंपायला सांगितली नाही.

मांडणीच्या दिवशी पहिला गोल तिनंच आखला, गंजाचा, सगळ्यांत मोठा, आणि ओळीच्या मधोमध. कोपऱ्यात आखला असता तरी चाललं असतं.

गाव जमलं. फेरी सुरू झाली आणि जो तो त्या गोलापाशी थबकू लागला. मी कल्हईचे पैसे वाचले. मग वाचलं, मोठा गंज एक, नाही. कोणत्या मांडवापर्यंत तो गेल्याचं आठवतं आणि कुठं माग हरवतो, तेही सांगितलं. यापुढे भांडं आधी पडवीत येईल, मगच दुसऱ्या घरी जाईल, असं मंडळानं ठरवलं होतं, तेही.

थोरले पंच अशा संधीची वाटच पाहत होते. ते पुढे आले, गोलाकडे काठी दाखवून म्हणाले, “पाह्यलं? मी काय म्हनत होतो? बायकायच्यानं हे होत नाही. उचला आता, देवळाच्या खोलीत ठेवा.”

दोन गडी पुढे झाले. मी आत्याबाईकडे पाहिलं. दोन दिवस जिच्या डोळ्याचं पाणी खळलं नव्हतं, ती पदर खोचून त्या रिकाम्या गोलात जाऊन उभी राहिली.

“थांबा,” ती म्हणाली. “आमच्यापासून गेलं, ते आमी गावाले दाखवलं. तुमच्यापाशी हाये, ते तं दाखवा. काहाडा देवळाच्या कढया बाहेर. आखा गोल. मी फक्की देतो तुमाले.”

पंचांनी मागे वळून पाहिलं. मागे उभी असलेली माणसंही त्यांच्याचकडे पाहत होती, देवळाच्या किल्लीची वाट पाहत असल्यासारखी. किल्ली त्यांच्या कमरेला होती. त्यांनी तिला हात लावला नाही. गडी आपोआप मागे सरले.

कोणी काही ठरवलं नाही, ठराव नाही की काही नाही. आधी एका बाईनं परात उचलून डोक्यावर घेतली, मग दुसरीनं बादली, आणि सगळ्याजणी आमच्या घराची वाट चालू लागल्या.