मिठाची घोडी

आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे आणि त्यात आमचा टांगा ओढणारी घोडी फक्त एका कानापुरती आली आहे. नवरा-नवरी आली, हार घातलेला टांगा आला, वर चाबूक धरून ऐटीत बसलेले मामंजी, म्हणजे माझे सासरे, तेही आले. घोडीचा मात्र एक कान! मामंजी त्या फोटोवाल्याचं नाव कायम "तो आंधळा" असंच घ्यायचे. "अरे, वरात ओढली कुणी? हिनं. आणि फोटो कुणाचा? ह्या दोन ठोंब्यांचा!"

मामंजींचा टांगा भाईंदर स्टेशन ते उत्तन असा चालायचा. आधी दोन्हीकडे मिठागरं, मग डोंगरीची चढण. चढण संपली की कितीही घाईचं भाडं असो, मामंजी टांगा थांबवायचे. खांद्यावरचा पंचा काढून घोडीला मानेपासून पोटापर्यंत पुसायचे, खिशातला गुळाचा खडा तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरायचे, "दमली गं माझी बाय" म्हणायचे आणि मगच पुढे. त्या गुळापायी त्यांच्या सदऱ्याला कायम मुंग्या. सासूबाई धुताना करवादायच्या, "इतक्या वर्षांत मला कधी गूळ भरवलात का हो?" मामंजी म्हणायचे, "तू कधी डोंगरी चढलीस?"

सत्तरचं दशक लागलं, बसच्या फेऱ्या वाढल्या, आणि तशात घोडीही म्हातारी झाली. एका थंडीत तबेल्यातच शांतपणे गेली. आणि आमचे मामंजी गप्प झाले. मला "अगं ए कलावंतीण" म्हणून रोज छळणारा माणूस, रिकाम्या तबेल्यात गवताच्या पेंढीवर बसून राहायचा. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलायचा नाही! मला ते बघवेना. सासऱ्याचे टोमणे नकोसे वाटणाऱ्या सुना पुष्कळ असतील, मी मात्र त्यांची वाट बघायला लागले.

एक दिवस त्यांनी हाक मारली. "सूनबाई, लग्नाआधी तू दादरला चित्रं शिकायला जायचीस ना? मग तिचं एक काढ. फोटो तर नाहीच. पण बघ हां, मला ओळखू आली पाहिजे. नाही आली तर बंबात घालीन."

"खुशाल घाला," मी म्हटलं. "घोडामैदान जवळच आहे."

बोलून बसले खरी. पहिलं चित्र पाहून आमचे हे म्हणाले, "गाढव झकास जमलंय." मी रबर फेकून मारला. दुसऱ्यात ती शेळी झाली. आता काय करावं? बसून विचार केला तेव्हा कळलं, माझ्या डोक्यात घोडीचं तोंड नव्हतंच मुळी. मी कायम टांग्यात, तिच्या पाठीमागे. मला आठवत होती ती तिची हलणारी तांबूस पाठ, शेपटीचे फटकारे, घामाचा वास आणि दोन्हीकडून मागे पळणारी पांढरी मिठागरं. दादरचे आमचे मास्तर रंगाबरोबर चिंध्या, वाळू, वाट्टेल ते फळीवर चिकटवायचे आणि म्हणायचे, "दिसतं ते सगळेच काढतात, तुम्ही वाटतं ते काढा." म्हटलं, चला, तसंच करू.

प्लायवूडचा मोठा तुकडा आणला. मिठाच्या गोणीचं गोणपाट त्यावर ताणलं, गेरू आणि तपकिरी रंगाचे पट्टे ओढले. घोडीच्या खराऱ्यात अडकून राहिलेले केस लावले, तिच्यासाठी आणलेलं आणि आता तसंच पडलेलं गवत लावलं, उत्तनची वाळू लावली. टोपली घेऊन येणाऱ्या मासेवालीकडून फाटक्या जाळ्याचा तुकडा मागून आयाळ केली. आणि चुलीवर सरस शिजवून, त्याचा वास आळीभर सोडून, वरून खाली सगळीकडे मिठागरातलं जाडं मीठ चिकटवलं. उन्हात ते असं चमकायला लागलं की मी स्वतःवरच खूश!

होळीच्या सुमारास चित्र ओटीवर आणून ठेवलं. मासेवाली आधी आली. "हा घोरा हाय? न्हाय गो बाय, ही तं वालत घातलेली माझी जाली हाय!" आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामंजी उठून आले. लांबून बघितलं, जवळून बघितलं. फळी आडवी केली, मग उलटी केली.

"डोकं कुठंय?"

"डोकं नाही काढलं, मामंजी."

"आणि पाय?"

"पायही नाहीत."

"बरंय," एवढंच म्हणाले आणि परत तबेल्यात जाऊन बसले. बंबात घातलं असतं तरी परवडलं असतं, पण ते "बरंय" माझ्या जिव्हारी लागलं. इतका राग आला, इतका राग आला की चित्र उचललं आणि तबेल्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कलावंतीण कसली, डोंबलाची!

आषाढात हवा दमट झाली तशी एके दिवशी सासूबाई तबेल्यातून ओरडत आल्या, "अगं, तुझ्या त्या फळीखाली थारोळं साचलंय!" जाऊन बघते तर मिठाला पाणी सुटलेलं. गेरू, रंग, सगळं मिळून तांबडे ओघळ वाहत होते. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मिठागराच्या गावात राहतेस, बरणीतल्या मिठाला पावसात पाणी सुटतं हे पोरासोरांना कळतं, आणि तू चित्राला मीठ लावलंस?" त्यांचं खोटं नव्हतं. मी रडकुंडीला आले. म्हटलं, मामंजींचा शब्द आपणच खरा करावा. फळी उचलली आणि बंबाकडे निघाले.

मामंजी दारातच होते. "थांब."

मी थांबले. त्यांनी फळीवरून हात फिरवला, वरून खाली, केसांवरून, गोणपाटावरून. हात ओला झाला. ओलं बोट त्यांनी जिभेला लावलं.

"घाम आलाय गं तिला," म्हणाले. "डोंगरी चढून आली की अशीच निथळायची. अशीच. मी मूर्ख, तोंड शोधत बसलो!"

खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी मानेपासून पोटापर्यंत चित्र पुसलं. मान कुठली आणि पोट कुठलं, मलाही ठाऊक नव्हतं. त्यांना बरोबर सापडलं. पुसून झालं, "दमली गं माझी बाय" म्हणाले, खिशात हात घातला, गुळाचा खडा काढला आणि चित्रापुढे तळहात धरला. सवयीने. मग एकदम भानावर आले, माझ्याकडे बघितलं आणि हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

तळहात माझ्यापुढे आला. "घे गं, कलावंतीण. तूही चढलीस."

सासूबाई मागून बघतच राहिल्या. गुळाला मुंग्या लागलेल्या होत्या. मी खाल्ला.