मासळीच्या ओट्यावरचा सप्ताह

आपण अतिक्रमण आहोत हे सारसोळ्याच्या धोंडूबाईंना साठी उलटल्यावर कळलं. वेशीजवळच्या ओट्यावर त्या चाळीस वर्षं मासळी विकत होत्या, त्यांच्याआधी सासू विकत होती. समोरचा टॉवर आला अलीकडे. आल्या आल्या टॉवरला वास आला, टॉवरने अर्ज केला, आणि अतिक्रमण कोण ठरलं, तर ओटा! बावीस बायकांना पालिकेची नोटीस मिळाली. जागा रिकामी करा, इथे पार्किंग होणार. बरोबरच आहे, मोटारींना उभं राहायला जागा नको? बायका काय, कुठेही बसतात.

धोंडूबाईंनी अर्ज दिले, मोर्चा नेला. पालिकेचे साहेब मीटिंगमध्ये होते. शेवटी त्या तुळशीरामकडे गेल्या. तुळशीराम म्हणजे देवळाचे आणि गावच्या हरिनाम सप्ताहाचे अध्यक्ष. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, तोंडात सतत पांडुरंग. पार्किंगचं कंत्राट त्यांच्या जावयाला मिळणार होतं, ही पांडुरंगाचीच इच्छा असणार.

“धोंडूबाय, सरकारशी भांडून काय मिलनार? देवाचं नाव घ्या, तो बघील,” अध्यक्ष म्हणाले.

धोंडूबाईंनी ऐकलं. फक्त देवाचं नाव घ्यायला त्या देवळात न जाता ओट्यावर बसल्या. बायकांनी ओटा घासून घासून धुतला, मंडप घातला, विठोबाची तसबीर मांडली आणि अखंड सप्ताह सुरू केला. सात दिवस वीणा कुणाच्या तरी गळ्यात हवीच. पुढच्या पहाऱ्याच्या माणसाने पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची, तोवर आधीच्याने हलायचं नाही. जमिनीला टेकवणं तर महापाप. हा नियम गावाकडून घोकून घेतला होता तुळशीरामनीच. मागच्या वर्षी एकाने वीणा जरा भिंतीला टेकवली, तर त्याला त्यांनी मंडळातून काढून टाकलं होतं.

देवळात बाईच्या हाती वीणा कधी दिली नव्हती. त्यामुळे हा सप्ताह ऐकून अध्यक्षांचा तिळपापड झाला. त्यांनी देवळाच्या फळ्यावर लिहिलं, ‘बायकांच्या सप्ताहात जो पुरुष वीणेला हात लावील तो मंडळातून बाद.’ पुरुष धर्मभीरू, घरी बसून क्रिकेट बघू लागले.

सप्ताहात मासळी वर्ज्य. म्हणजे मासळी विकायच्या हक्कासाठी मासळीच बंद! धोंडूबाईंच्या घरी डाळभात शिजत होता आणि तो ढवळताना त्या एकच हिशोब करत होत्या. ओटा गेला तर ह्या वयात पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरायचं, आणि गुडघे तर आत्ताच जिना पाहून रडतात. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. अभंग मात्र जरा वरच्या पट्टीत म्हणू लागल्या.

तिसऱ्या दिवशी टॉवरमधल्या अरुणाताई आल्या. वासाच्या अर्जावर पहिली सही त्यांची.

“मावशी, बांगडा कधी मिळेल हो? आमचा शौनक जेवतच नाहीये.”

“साहेबांना विचारा ना ताई. तुमची वलख हाय त्यांची,” धोंडूबाई म्हणाल्या आणि टाळ वाजवू लागल्या.

पाचव्या दिवशी सकाळी जेसीबी आला. सोबत साहेब, आणि बायकांची समजूत घालायला अध्यक्ष. टॉवरच्या गॅलऱ्या भरल्या, मोबाइल वर झाले. एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर तुळशीराम चपला काढून तसबिरीपुढे वाकले. तेव्हा वीणा धोंडूबाईंच्या गळ्यात होती.

“अध्यक्ष, आमी अडानी बाया,” त्या हात जोडून म्हणाल्या. “मान तुमचा. घ्या.”

बायका शरण आल्या, असं तुळशीरामना वाटलं. ते प्रसन्न हसले, धोंडूबाईंच्या पायांना ओझरता हात लावला आणि वीणा गळ्यात घेतली. धोंडूबाई बाजूला झाल्या आणि पहिल्यांदाच पाय पसरून बसल्या.

“आता पुढचा पहारा कोनाचा?” थोड्या वेळाने अध्यक्षांनी विचारलं.

“बयाबायचा,” धोंडूबाई म्हणाल्या.

“माजे पाय दुखतान,” बयाबाई म्हणाल्या. एकवीस बायकांचे पाय एकाच मिनिटाला दुखू लागले.

मंडळातले पुरुष फोन उचलेनात. बाद व्हायचं कुणाला? साहेबांकडे पाहिलं, तर कमरेला चामड्याचा पट्टा आहे आणि चामडं वीणेला चालत नाही, हे साहेबांना तेव्हाच आठवलं. जेसीबीवाला गाडी बंद करून प्रसादाच्या रांगेत बसला. अध्यक्ष मंडपात उभे असताना मंडप पाडायची साहेबांची छाती होईना.

बारा वाजले, दोन वाजले. अध्यक्षांच्या पायांना मुंग्या आल्या.

“धोंडूबाय, काय पायजे तुला?”

“ओटा आमचाच, असा कागद. गोल शिक्क्याचा. तो आला की माजे पाय लगेच बरे व्हतील.”

मग वीणा गळ्यात, फोन कानाला, अशा अवस्थेत अध्यक्षांनी ज्या ज्या ओळखींनी पार्किंग आणलं होतं, त्या सगळ्या ओळखी उलट्या फिरवल्या. बायकांचे अर्ज ज्या टेबलांवर महिनोन्महिने झोपले होते, ती टेबलं तीन तासांत जागी झाली. साडेपाचला कागद आला. धोंडूबाईंनी तो गॅलरीतून खाली आलेल्या अरुणाताईंकडून मोठ्याने वाचून घेतला, कनवटीला खोवला, अध्यक्षांच्या पाया पडल्या आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. पुढचे दोन दिवस बायकांनी सप्ताह रीतसर पुरा केला, काला केला आणि मगच वीणा उतरवली.

नवव्या दिवशी ओट्यावर बांगडा आला. अरुणाताई रांगेत पहिल्या, आणि ताजा नाही म्हणून घासाघीस करत होत्या.

तेवढ्यात तुळशीराम तिथून चालले होते. पाय अजून आखडलेले, पण जीभ मोकळी.

“तो काय सप्ताह व्हता?” ते चारचौघांत म्हणाले. “बायांचा तमाशा निस्ता. देवाला पोचलाच नाय तो.”

धोंडूबाईंनी कोयता थांबवला नाही.

“मंग अध्यक्ष,” त्या म्हणाल्या, “वीना खाली का नाय ठेवलीत?”