गळकी गाडी

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत आमची टॅक्सी कुठे उभी होती, हे विचारावं लागत नसे. खाली तेलाचा काळा डाग असायचा. शेजारीण रांगोळी घालताना माझ्याकडे असं बघायची, जणू ते तेल मीच सांडलंय.

आमच्या ह्यांनी बारा वर्षं गिरणीत मागावर काढली आणि मग ती सोडून ही जुनी गाडी घेतली. वैराग गावाला जाणाऱ्या सीटा भरायचे. वर्षभर बरं गेलं, मग इंजिन जागोजागी गळायला लागलं. मेस्त्रीने तीनदा पॅकिंग बदललं, तीनदा पुन्हा तेच. चौथ्यांदा तो म्हणाला, "वैनी, इंजिन म्हातारं झालंय. भंगारात घाला."

त्याच महिन्यात हे जिन्यावरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि थोरल्या दिरांना रान मोकळं मिळालं. गाडी विकायची, भावाने परत गिरणीत जायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं. रविवारी भंगारवाल्याला आणतो म्हणाले. मला कोणी विचारलं नाही. हेसुद्धा खाटेवर पडल्या पडल्या मान डोलवत होते, त्याचा मला जास्त राग आला. मागाच्या खडखडाटाने कान बधिर झालेला हा माणूस गिरणीतून आला की मुलांशीही ओरडून बोलायचा. त्याला मी परत तिथे जाऊ देणार नव्हते.

शनिवारी पदर खोचला आणि बॉनेट उघडलं.

"अगं, काय करायलीस?" हे खाटेवरून ओरडले. "मेस्त्री हरला तितं तू काय करनार हाईस?"

"मेस्त्रीनं कदी धुतलंय का हे? एवढ्या घाणीत कुटनं गळतंय ते कळंल का कुनाला?"

रॉकेल, झिजलेला दात घासायचा ब्रश आणि चिंध्या घेऊन बसले. मळाचे थर सुरीने खरवडले. लोंबणाऱ्या वायरी सुतळीने नीट बांधल्या. तीन तासांनी इंजिनाचा खरा रंग हिरवा असल्याचं समजलं. मग मागच्या बाजूला खाली वाकलेली एक नळी दिसली. तिच्या तोंडात काहीतरी गच्च बसलं होतं. केसातला आकडा घालून ओढलं, तर सूत. ओढत गेले, ते येतच गेलं. ओंजळभर निघालं.

"अवं, हे काय?"

ह्यांचा चेहरा उतरला. "म्याच घातलंय की. उघडं भोक दिसलं. वैरागच्या रस्त्याची माती आत जाईल म्हनून."

गिरणीत मागावरच्या तेलाच्या भोकात सुताचा बोळा घालतात, आत कापसाची भुकटी जाऊ नये म्हणून. हातालाच ती सवय. जुना बोळा तेलाने भिजला की त्यावर नवा.

"आनि मेस्त्रीला सांगितलं न्हाय?"

"ते काय सांगायचं असतंय व्हय?"

भाताच्या पातेल्यावर झाकण गच्च बसवलं की पेज कडेने उतू जाते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. इंजिनातली वाफ बाहेर पडायला ती नळी हीच एक वाट होती. ती बुजवल्यावर तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येत होतं. हे सांगतील तसे सगळे बोल्ट आवळले, तेल भरलं, गाडी चालू केली आणि सांध्यांवर रांगोळी भुरभुरली. अर्ध्या तासाने ती कोरडीच होती.

रविवारी दीर भंगारवाल्याला घेऊन आले. मी ह्यांचं लग्नातलं पांढरं धोतर इंजिनाखाली अंथरलं, गाडी चालू केली आणि दोघांना चहा दिला. चहा संपला तरी धोतरावर थेंब नव्हता. भंगारवाला वाकून बघून म्हणाला, "ही भंगार न्हाय, मालक," आणि निघून गेला.

दिरांचा पारा चढला. "आनि चालवनार कोन? ह्याचा पाय तर प्लास्टरात हाय!"

"मी."

ते मोठ्याने हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "किल्ली तिच्याकडंच ऱ्हाऊ दे, दादा."

प्लास्टर काढायच्या दिवशी शिकाऊ लायसन पदरात बांधून, ह्यांना शेजारी बसवून मीच गाडी दवाखान्यात नेली. चौकात दीर चार माणसांत उभे होते. रस्ता मोकळा होता, तरी मी हॉर्न चांगला लांब वाजवला.