हत्तीच्या दाताविना चुडा

दादा गेल्यापासून त्याच्याविषयी बोलताना घरातले सगळे आवाज खाली आणतात. त्याला ते मुळीच आवडलं नसतं. म्हणून मी चुड्याची हकीकत लिहायला घेतली आहे. ती दबक्या आवाजात सांगता येत नाही.

जळगावात मेहरूणच्या वाटेवर आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती. जिनिंग कारखान्यातली नोकरी सोडून दादानं तिथे पायानं चालवायचा जुना लेथ मांडला होता. छत्र्यांच्या मुठी, कपाटांच्या मुठी, असलं काहीबाही तो कातून द्यायचा. गिऱ्हाईक बेताचंच. मी तिथे खोक्यावर बसून वाचत असे, कारण शेडमध्ये मला कोणी कामाला हाक मारत नसे.

आमचे वडील, आबा, कपाशी पिकवणारे. त्यांना हे खूळ पसंत नव्हतं. एका सकाळी ते शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, “बठ्ठा गाव हसी ऱ्हायना. आखाजीलोंग देखसू. मंग जिनमा जाय.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. तोवर लेथनं काही करून दाखवलं नाही, तर परत कारखान्यात. दादा “हो आबा” म्हणाला आणि ते वळताच माझ्याकडे बघून त्यानं डोळे मिचकावले. पण त्या दिवशी तो जेवला कमी.

मग रुईचे व्यापारी शेठजी आले. कुटुंब मूळचं मारवाडातलं, जैन. आखाजीला मुलीचं लग्न, मुलगा धुळ्याचा. त्यांच्याकडे नवरीला मनगटापासून दंडापर्यंत हस्तिदंती चुडा भरतात. शेठजींनी मात्र व्रत घेतलं होतं: हत्तीचा दात नको, हाड नको, शिंग नको, लाखही नको, कारण लाखेत किडे मरतात. तरी चुडा चुड्यासारखाच दिसायला हवा.

“मग राहिलं काय, शेठजी?” दादानं विचारलं.

“तेच तर तू सांगायचं.”

दादानं मुंबईच्या दुकानदाराकडून नमुने मागवले. स्वस्त हवेत आणि आपल्या लेथवर मुकाट कातले जायला हवेत, एवढंच त्यानं कळवलं होतं. आधी एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, लावून पाहिलं. लोण्यासारखं कापलं जाई, पण शेडभर गंधकाचा वास सुटला, आणि रंग काळा. “नवरीला काळा चुडा भरला तर दोन्हीकडचे व्याही मला दम भरतील,” असं म्हणत त्यानं ते बाजूला ठेवलं. बेकेलाइट ठिसूळ निघालं. कडा तुटायच्या आणि हत्यार पुन्हा पुन्हा दगडावर घासावं लागायचं.

सेल्युलॉइडवर तो भाळलाच. पांढरंशुभ्र, स्वस्त, कापराचा मंद वास, आणि कीस लांबच लांब निघे. शिवाय ते कापसापासून करतात हे ऐकून शेठजी तर उभेच राहिले. “म्हणजे माझ्याच रुईचा चुडा? यापेक्षा पुण्याचं काय असणार.” त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

संध्याकाळी दादानं त्याचा थोडा कीस चुलीत टाकला. भस्सकन एवढी ज्वाळा उठली की आईनं हातातला तवा सोडला. मी इतकंच म्हणाले, “नवरी होमाशेजारी बसते ना रे?”

दादानं उरलेला कीस गोळा करून पाण्याच्या बादलीत टाकला. सकाळी त्यानं जाऊन शेठजींना हा माल चालणार नाही म्हणून सांगितलं. हातातलं एकमेव मोठं काम तो आपण होऊन घालवतोय, असं मला वाटलं. शेठजी रागावले नाहीत, पण हिरमुसले. “आखाजी तोंडावर आली, भाऊ,” एवढंच म्हणाले.

नमुन्यांत तळाशी केसीनचा तुकडा पडला होता. दुधाच्या चोथ्यापासून करतात म्हणे. दादानं तो लेथला लावला. कडा स्वच्छ आली, तेल आणि खडूनं घासल्यावर झिलई अशी चढली की बोट फिरवत राहावं. फक्त हत्यार तापलं की दूध लागल्याचा वास येई. चुलीत टाकल्यावर तो तुकडा नुसता करपला, भडकला नाही. आईनं तवा मात्र दूर धरला होता.

शेठजींचा होकार घेऊन, मुंबईहून आणखी केसीन मागवून पूर्ण चुडा त्यानं वेळेत कातला. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेली ती वलयं बघायला आबा सोडून सगळी गल्ली आली.

लग्नाच्या सकाळी आम्ही सगळे शेठजींकडे गेलो, आबाही. आदल्या दिवशी नवरीच्या मामीनं हौसेनं चुड्यालाही हळद लावून ठेवली होती. सकाळी धुतली तर निघेना. पांढरा चुडा जागोजागी जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा पडला होता. तेवढ्यात धुळ्याहून आलेल्या नवऱ्या मुलाच्या आजीनं एक बांगडी उचलून डोळ्यांजवळ धरली.

“ब्याईजी, ओ तो हाथीदांत है.”

“नाही दादीसा, माझं व्रत आहे.”

“व्रत थारो, आंख्यां म्हारी. म्हारी आंख्यां फूटी कोनी. म्हारे घर में ओ चुडो कोनी आवे.”

व्रत मोडून आणलेला चुडा घरात घेणार नाही, असं म्हातारीनं सुनावल्यावर मांडवातल्या बायका जवळ सरकल्या. शेठजींच्या चेहऱ्याकडे बघवेना. आबा खांबाशी उभे होते. ते दादाकडे बघत होते आणि दादाला ते ठाऊक होतं.

दादानं खिशातून उरलेला एक तुकडा काढला आणि धूपाच्या निखाऱ्यावर ठेवला. हळूहळू वास पसरला. म्हातारीनं नाक पुढे केलं. तोच मागच्या अंगणातून आचारी महाराज ओरडत आले, “दूध कोण बघतंय? खाली लागलं ना सगळं!”

आधी नवरी हसली, मग कोणी थांबेना. महाराज बिचारे कढई हलवून बघत होते, की लागलं कुठे.

“ओ तो दूध है,” म्हातारी म्हणाली. पण ती एवढ्यानं सोडणारी नव्हती. “गाय रो के भैंस रो?”

“ते मुंबईला पत्र घालून विचारावं लागेल, दादीसा.”

दादानं चाकूनं बांगडीची आतली कड जराशी खरवडून दाखवली. खाली पांढरं होतं. हळद वरवरच चढली होती. म्हातारीनं ती खरवड बोटावर घेऊन पाहिली आणि हुकूम सोडला, “तो आधो-अधूरो क्यूं? सगळो पीळो कर.” महाराजांच्या पातेल्यात हळदीचं कोमट पाणी केलं आणि नवरीच्या मैत्रिणींबरोबर मीही चुडा बुडवत बसले. सोनचाफ्यासारखा रंग आला. निघताना म्हातारीनं आपल्या दोन नातींसाठीही तसलाच चुडा सांगितला.

घरी येताना आबा दोन पावलं पुढेच चालत होते. घरी आखाजीची पुरणपोळी निम्मी खाऊन झाली. दादा आमरसाच्या वाटीत बोट फिरवत बसला होता. शेवटी आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“शेडना पत्रावर पऱ्हाट्या टाक,” ते म्हणाले. “ऊनमा मशीन तपस.”

जेवणं आटोपल्यावर, लेथ उन्हात तापू नये म्हणून, दादा शिडी लावून पत्र्यावर चढला. खालून कपाशीच्या वाळक्या काड्यांचे भारे आबाच उचलून देत होते, आणि नीट रचत नाही म्हणून त्याला शिव्या देत होते.