एका कॉम्प्युटरचे दोन संसार

'हे की ते?' या प्रश्नाला आयुष्यभर 'दोन्ही' असं उत्तर देऊन सुखानं जगलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा आहे. आमचे दाजी जेवायला बसले की तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच वाटीत ओततात आणि तयार झालेल्या गुलाबी प्रकाराकडे मोठ्या समाधानानं बघतात. शिवाजी पेठेत राहून फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही बाजूंच्या गोलला टाळ्या वाजवतात. त्यांना अजून कुणी चोपलेलं नाही, याचं श्रेय मी पेठेच्या थोर मनाला देतो. भर उन्हाळ्यात त्यांच्या काखेत छत्री असते आणि पावसाळ्यात खिशात गॉगल. मी हसलो की म्हणतात, "असूं दे की पावणं, आभाळाचा काय नेम हाय?"

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. दुकानदारानं विचारलं, "काका, विंडोज ठेवू की लिनक्स टाकू?" आता यावर दाजी काय बोलले असतील ते वेगळं सांगायला नको. तेव्हापासून बटण दाबलं की कॉम्प्युटर चालवणाऱ्या या दोन्ही प्रणालींची नावं पडद्यावर येतात आणि काही सेकंदांत आपण ठरवलं नाही, तर मशीन आपल्या मनानं एकात शिरतं. ही घाई दाजींना मुळीच पसंत नव्हती. ते बाणाचं बटण दाबून मोजणी थांबवायचे, आत जाऊन चहा पिऊन यायचे आणि मग विचाराला बसायचे. "मशीन आपलं हाय, का आपण मशीनचं?" असा त्यांचा सवाल असे.

हळूहळू घरात वाटणी झाली. लिनक्स दाजींचं, विंडोज अक्काचं. अक्काचं भजनी मंडळ आहे. मंगळवारची भजनं ती मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि कॉम्प्युटरवर साठवायची. मंडळात चाली बांधणाऱ्या काकू गेल्या वर्षी वारल्या, त्यामुळे त्यांच्या चाली आता तेवढ्या तिथंच उरल्या होत्या. दाजी मात्र भजनाला कधीच गेले नाहीत. बाकी सगळीकडे दोन उत्तरं बाळगणारा हा माणूस मंगळवारी संध्याकाळी एकच उत्तर द्यायचा, "मला जरा काम हाय."

एका दुपारी लिनक्सला जागा अपुरी पडते म्हणून त्यांनी डिस्कवरची, दोघांच्या जागांमधली भिंत सरकवायला घेतली. पडद्यानं विचारलं, नक्की? दाजी म्हणाले, हो. पडद्यानं पुन्हा विचारलं, अगदी नक्की? दाजी पुन्हा हो म्हणाले, आणि अक्काची अख्खी बाजू पुसली गेली.

मी गेलो तेव्हा अक्का भाकरी थापत होती. थापेच्या आवाजावरूनच घरातली हवा कळत होती. दाजी तिच्यासमोर बसलेले असताना ती मला म्हणाली, "त्यास्नी सांग, काकूंचा आवाज परत आणा म्हणावं. मग माझ्याशी बोला."

"आणतो की," दाजी भिंतीकडे बघत म्हणाले.

त्यांनी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि पुसलेलं हुडकून काढणारा प्रोग्रॅम लावला. नशीब, बरंच काही सापडलं. पण फायलींची नावं गेली होती, उरले होते नुसते आकडे. कुठल्या आकड्यात काकू आहेत हे कळायला एकेक फाईल शेवटपर्यंत ऐकणं भाग होतं. दाजी हेडफोन लावून बसले. ऐकतील तशी नावं देऊ लागले: 'काकू, एकदम खणखणीत', 'मधेच कुत्रं', 'ही चुकली, सगळ्या हसल्या'.

एक दिवस त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. भजन संपलं होतं, पण अक्का रेकॉर्डिंग बंद करायला विसरली होती. टाळ खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकूंनी विचारलं, "तुझं मालक कधी येत न्हाईत गं ऐकायला?"

"न्हाईत," अक्काचा आवाज. "पर घरी गेल्यावर मी गुणगुणाय लागले की मशीन बंद करत्यात. ऐकत असतील, बघा."

मी हेडफोन काढला. दाजी बोटानं माऊसवरची धूळ पुसत होते.

"जेवायची वेळ झालेली असायची, म्हणून बंद करत हुतो," ते हळू म्हणाले. "हिला सांगू नगा, पावणं."

पुढच्या मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून मंडळात दाराजवळ बसले. सोबतीला मला नेलं होतं. त्यांना बघून अक्काचा सूरच घसरला, बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि भजन पहिल्यापासून सुरू झालं. चाल काकूंची होती, दाजींनी शोधून दिलेल्या फायलींतलीच. दाजींनी ना मान हलवली, ना ताल धरला. डोळे मिटून बसून राहिले.

परत येताना अक्कानं विचारलं, "कसं झालं?"

"आवाज बसलाय तुझा जरा."

"वय झालं की आता."

"व्हय," दाजी म्हणाले. "त्या जुन्या रेकॉर्डिंगात लई ग्वाड हुता."

रस्ता तसा मोकळाच होता. दोघांना बरोबरीनं चालायची सवय नव्हती, त्यामुळे कधी ती पुढं जायची, कधी ते, आणि जो पुढं जाई तो दुसऱ्यासाठी थांबे. मी चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं मागं राहिलो.