दिसलात, एवढंच

माझे वडील दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाचं, समुद्रावर गस्त घालणारं विमान चालवत. त्यांना शौर्यपदक मिळालं होतं, पण फणसवाडीतल्या आमच्या खोलीत ते आईच्या लुगड्यांखाली ट्रंकेत पडून असायचं. त्याचं नाव काढलं की ते अंगावर यायचे. एकदाच बोलले. बुडालेल्या जहाजाची माणसं त्यांनी भर समुद्रात शोधून काढली, म्हणून पदक. विमान पाण्यावर उतरू शकत नव्हतं. ‘दिसलात’ एवढं कळवायला पंख डावी-उजवीकडे झुकवायचे आणि पेट्रोल संपायच्या आत परतायचं. खाली माणसं आनंदाने हात हलवत होती. सुटकेची बोट पोचली तेव्हा तिथे कुणीच नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात एका दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोळीबार झाला. रस्ता क्षणात ओस पडला. फक्त एक माणूस पडून होता, आणि आमच्या गॅलरीकडे बघून हात वर करत होता.

आई म्हणाली, “अहो, जा ना खाली! तुम्ही तर लढाईवर जाऊन आलेले!”

वडील कठड्याशी गेले. त्यांनी दोन्ही हात पसरले, आधी डावीकडे झुकले, मग उजवीकडे. नंतर आत येऊन त्यांनी दाराला कडी घातली.

त्या कडीसाठी मी त्यांना जन्मभर बोल लावला. कडी आतून होती, माझ्याही हाताशी. मी एकवीस वर्षांची होते.